टोले आणि काटे

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची गुणपत्रिका हातात आली तेव्हा भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकासमोर दोनच अक्षरं छापलेली होती : एबी. गैरहजर. त्या प्रात्यक्षिकाला माझ्या वाट्याला केटरचा लोलक आला होता. पितळी दांडा आधी एका धारेवर टांगायचा, मग उलटा करून दुसऱ्या, दोन्हीकडचे झोके सारख्या वेळाचे होईपर्यंत वजनं सरकवत राहायची आणि त्यावरून गुरुत्वीय त्वरण काढायचं. माझं उत्तर 9.78 आलं, म्हणजे आपल्या भागात यायला हवं तेवढंच. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोंडी परीक्षेत विचारलं, "लोलक जड केला तर घड्याळ मागे पडेल की पुढे जाईल?" मी म्हटलं, "सर, वजनाने काही होत नाही, लांबीने होतं. संध्याकाळी मी हेच काम करतो." ते हसले आणि जर्नलवर सही केली. ती सही माझ्या बॅगेत होती, आणि विद्यापीठाच्या कागदावर मी त्या दिवशी तिथे नव्हतोच.

विद्यापीठ कोणतं आणि कॉलेज कोणतं हे इथे लिहीत नाही. ज्यांच्या बाबतीत असं घडलं ते ओळखतील, आणि ती मुलं एकाच विद्यापीठात नाहीत.

आमचं आखाडा बाळापूर कळमनुरी तालुक्यात, हिंगोली-नांदेड रस्त्यावरचं. हळद, ऊस, केळी, आणि त्यांच्या जोरावर चालणारी बाजारपेठ. हळद शिजवण्याच्या दिवसांत सगळ्या शिवाराला तिचा वास असतो. रस्त्याला लागून घड्याळ दुरुस्तीचं एक छोटं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, एक काचेची पेटी आणि दोन भिंती. मालकांना सगळं गाव चाचा म्हणतं, मीही तेच म्हणतो. मनगटी घड्याळाचे सेल बदलणं, पट्टे टाकणं, भिंतीवरच्या घड्याळाला नवी मशीन बसवणं, यावर त्यांचं पोट चालतं. जुनी चावीची घड्याळं हा त्यांचा नाद, आणि नादाला गिऱ्हाईक कमी.

मी तिथे गेलो तो बापूंचं, म्हणजे माझ्या आजोबांचं घड्याळ घेऊन. आठकोनी लाकडी चौकट, खाली काचेची छोटी खिडकी, आत लोलक. घरात सगळ्यांची समजूत अशी की हे हिंगोलीच्या छावणीतल्या कुणा साहेबाचं. हिंगोलीत हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती, ती 1903 मध्ये उठली. तेव्हापासून जिल्ह्यातलं प्रत्येक जुनं घड्याळ साहेबाचंच असतं. चाचांनी तबकडी काढली, मागची पितळी पाटी पुसली आणि जपानी कंपनीचा शिक्का दाखवला : सेकोशा. टोकियोत किंतारो हात्तोरी यांनी 1892 मध्ये काढलेला कारखाना, आजच्या सेकोचा पूर्वज. घरी जाऊन सांगितलं तेव्हा आजी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

त्याच पाटीच्या कोपऱ्यात सुईने कोरलेले उर्दू आकडे होते. चाचांनी भिंग डोळ्याला लावून वाचले, 1352. "हे फसली साल हाय बेटा. निजामाच्या राज्यात हेच चालायचं. यात पाचशे नव्वद मिळव." म्हणजे 1942 किंवा 43. कुणी तरी कारागिराने तेव्हा हे घड्याळ उघडून साफ केलं आणि तारीख आत लिहून ठेवली. घड्याळ दुरुस्त करणारे जगभर असं करतात. मागचा कारागीर काय करून गेला ते पुढच्याला कळावं म्हणून आत एक खूण सोडतात, आणि आधीची खूण कुणी घासून काढत नाही. हे मला तेव्हा फक्त गमतीचं वाटलं. वर्षभराने परीक्षा विभागाच्या व्हरांड्यात उभं असताना त्याची किंमत कळली.

पहिले काही महिने चाचांनी मला काही उघडू दिलं नाही. फक्त बघायचं आणि वहीत चित्र काढायचं. "खोलायच्या आधी लिवून घे. कोणता पेच कुठला, कोणतं चाक कोणाच्या वर. खोलल्यावर मलाबी सांगता येत नाही." त्यानंतर कमान उतरवायला शिकवलं. भरलेल्या कमानीवर घड्याळ खोललं तर ती पोलादी पट्टी एका झटक्यात सुटते, चाकांचे दाते उडवते आणि बोटंही कापते. चावी घट्ट धरायची, दात्यात अडकलेली खिटी हलकेच उचलायची आणि एकेक वेढा हातात घेत जोर सोडायचा. हे जमल्यावरच पेचकस हातात मिळाला.

पुढचं काम घाणीचं. सत्तर-ऐंशी वर्षांत कुणीकुणी ओतलेलं तेल आत वाळून काळ्या डिंकासारखं झालेलं असतं. खोबरेल तेल घातलेली घड्याळं मी पाहिली आहेत, शिलाई मशीनचं तर नेहमीच. लोकांना वाटतं घड्याळ थांबलं म्हणजे तेल संपलं. खरं तर बरीच घड्याळं तेल जास्त झाल्याने थांबतात, कारण त्यावर धूळ बसते आणि त्या चिखलाने चाकाची कणी आपलं भोक घासत राहते. रॉकेलमध्ये सगळे भाग धुवायचे, बांबूच्या कामटीला टोक काढून एकेक भोक आतून पुसायचं, कामटी पांढरी बाहेर येईपर्यंत. भोक लंबगोल झालं असेल तर मोठं करून पितळेचं बुश ठोकायचं. मग सुईच्या टोकावर मावेल एवढंच तेल.

एवढं करूनही घड्याळ चालेलच असं नाही. चाचा डोळे मिटून ऐकायचे. टिक आणि टॉक यांच्यामधली अंतरं सारखी नसली की घड्याळ लंगडत चालतं आणि काही तासांत थांबतं. गिऱ्हाईक म्हणतं चावी दिली तरी बंद पडतं. यात मशीन निर्दोष असते, फक्त लोलकाला ढकलणारी पितळी दांडी जराशी एका बाजूला वाकलेली असते किंवा घड्याळच भिंतीवर तिरकं लावलेलं असतं. बोटाने केसभर वाकवलं की चाल सुधारते. मला हे ऐकू यायला वेळ लागला. आता कुणाच्याही घरी गेलो की आधी तेच ऐकू येतं आणि यजमान काय बोलतात ते राहून जातं.

टोल्यांबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण माझं विद्यापीठाचं प्रकरण मला त्यांच्यामुळेच समजलं. बापूंच्या घड्याळासारख्या बहुतेक जुन्या जपानी आणि अमेरिकन घड्याळांत दोन कमानी असतात, एक काट्यांची, एक टोल्यांची. टोले मोजायला एक वेगळं चाक असतं. त्याच्या कडेला खाचा असतात आणि दोन खाचांमधलं अंतर वाढत जातं, एका टोल्याएवढं, मग दोन, मग तीन, असं बारापर्यंत. एका फेरीत 78 टोले, आणि अर्ध्या तासाचा एकेक धरला तर 90. मिनिटकाटा बारावर आला की तो टोल्यांच्या चाकाला फक्त 'चल' म्हणतो. किती वाजले ते सांगत नाही. चाक आपल्या पुढच्या खाचेपर्यंत टोले देतं आणि थांबतं. आता समजा टोल्यांची चावी आधी संपली, किंवा कुणी टोले पुरे होऊ न देता काटा घाईने फिरवला. काटे तीनवर, टोले सात. पुढच्या तासाला काटे चारवर, टोले आठ. दोन्ही भाग आपापलं काम चोख करत असतात, आणि तो चाराचा फरक कुणी हाताने दुरुस्त करेपर्यंत तसाच राहतो. त्यापेक्षा महागड्या घड्याळांत तासकाट्याच्या मागे पायऱ्या-पायऱ्यांची एक चकती असते. टोले देण्याआधी एक दांडी खाली पडून त्या पायरीला टेकते, किती वाजले ते तपासते आणि तेवढेच टोले पडतात. त्या घड्याळात टोले आणि काटे सहसा चुकामूक करत नाहीत. ही युक्ती सतराव्या शतकातलीच, फक्त तिला खर्च जास्त येतो.

माझं असं झालं होतं. पहिल्या वर्षानंतर मी कॉलेज बदललं. मला हवा तो विषयगट आधीच्या कॉलेजात नव्हता. नव्या कॉलेजातून पात्रतेचा अर्ज विद्यापीठाकडे गेला तो बदलीचा म्हणून नाही, नवीन प्रवेश म्हणून. पात्रता विभागाने नियमाप्रमाणे मला नवा कायम नोंदणी क्रमांक दिला, ज्याला सगळे पीआरएन म्हणतात. कायम क्रमांक माझ्याकडे दोन झाले. दुसऱ्या वर्षाचा परीक्षा अर्ज नव्या क्रमांकावर भरला गेला, लेखी पेपरचे गुण त्यावर आले. प्रात्यक्षिकाच्या गुणांची यादी मात्र कुणी तरी माझ्या पहिल्या वर्षाच्या गुणपत्रिकेवरून तयार केली, तिच्यावर जुना क्रमांक. त्या क्रमांकाने परीक्षा अर्जच नव्हता, म्हणून ते गुण कुठेच चढले नाहीत. नव्या क्रमांकाला गुण नाहीत म्हणून संगणकाने एबी छापलं. शिवाय नव्या क्रमांकाला पहिलं वर्षच नाही, म्हणून खाली आणखी दोन अक्षरं : आरआर. निकाल राखीव. पात्रता विभाग बरोबर, परीक्षा विभाग बरोबर, कॉलेजने यादी वेळेत पाठवलेली. काटे तीनवर, टोले सात.

पण हे सगळं मला पहिल्या दिवशी माहीत नव्हतं, आणि सांगणारंही कुणी नव्हतं. कॉलेज म्हणे विद्यापीठात जा, विद्यापीठ म्हणे कॉलेजचं पत्र आणा. पत्र नेलं की म्हणायचे, प्राचार्यांची सही आहे, पण जावक क्रमांक नाही. पहाटेची एसटी, वारंगा फाट्यावर उतरून खिचडी, पुढची गाडी, आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत बंद झालेली खिडकी. खिचडीबद्दल तक्रार नाही. वारंग्याची खिचडी खाण्यासाठी लोक मुद्दाम गाडी थांबवतात, ते बरोबरच आहे.

घड्याळाची वही मी उलटी केली आणि मागच्या पानांपासून विद्यापीठ लिहायला सुरुवात केली. कोणता कागद, कोणत्या विभागात, कोणत्या टेबलावर, आवक क्रमांक काय, तारीख काय. टेबलांचं चित्रही काढलं, बाणांसकट. तोंडी सांगणं बंद केलं. जे काही द्यायचं ते दोन प्रतींत, एका प्रतीवर शिक्का मारून पोच. बऱ्याच ठिकाणी शिक्का मारायला नाराजी असते. "ठेवून जा, बघतो" हे वाक्य प्रेमाने म्हटलं जातं. त्याला तितक्याच प्रेमाने उत्तर द्यायचं, "सर, पोच मिळाली की जातो," आणि उभं राहायचं. कॉलेजातले शिपाई मामा यात माझे गुरू. आवक-जावक रजिस्टर उलटं वाचायला त्यांनीच शिकवलं.

एका टेबलावरच्या साहेबांच्या मनगटावर एचएमटीचं जनता होतं, बंद पडलेलं. लग्नात मिळालेलं, म्हणाले. एचएमटीने 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळुरूला मनगटी घड्याळं बनवायला घेतली, आणि 2016 मध्ये सरकारने तिची घड्याळांची उपकंपनी बंद करायचं ठरवलं. मधल्या काळात या देशातल्या किती तरी जावयांच्या मनगटावर तीच होती. घड्याळाचं बोलणं निघालं, त्यांनी काढून दिलं. मी चाचांकडून ते साफ करून आणलं, बालकमान सरळ झाली. त्यांनी विचारलं, किती द्यायचे? मी पूर्ण पैसे घेतले आणि दुकानाची पावती दिली. माझं काम त्यांच्याच टेबलावर अडकलेलं असताना फुकट दिलं असतं तर ते दुरुस्तीचं राहिलं नसतं. त्यांना ते आवडलं की नाही सांगता येत नाही. काम नियमाने झालं, लवकर झालं नाही.

खरी गाठ सुटली ती माहितीच्या अधिकाराने. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून एका पानाचा अर्ज. 'माझा निकाल का लागला नाही' असं विचारलं नाही. त्याला उत्तर येतं, 'कार्यवाही सुरू आहे.' विचारलं ते एवढंच : अमुक कॉलेजकडून अमुक विषयाच्या प्रात्यक्षिक गुणांची यादी कोणत्या तारखेला, कोणत्या आवक क्रमांकाने आली, आणि त्यातल्या माझ्या नावाच्या ओळीची प्रत. कायद्यात तीस दिवसांची मुदत आहे, उत्तर त्या मुदतीत आलं. प्रतीवर माझं नाव, पन्नासपैकी चव्वेचाळीस गुण, आणि समोर जुना क्रमांक. घड्याळाचं मागचं झाकण उघडल्यासारखं झालं. चूक कुठल्या चाकावर आहे ते डोळ्यांनी दिसलं की भांडायला काही उरत नाही.

त्याच सुमारास गणिताच्या एका पेपरात मला अपेक्षेपेक्षा बरेच कमी गुण होते. उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवली. तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती आहे आणि परीक्षार्थीला ती पाहण्याचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 9 ऑगस्ट 2011 रोजी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात सांगितलेलं आहे. त्याआधी बऱ्याच ठिकाणी विद्यार्थ्याला फक्त फेरमोजणीचा अर्ज करून वाट बघावी लागे. प्रतीत दिसलं की एका प्रश्नाचे आतले गुण पहिल्या पानावरच्या तक्त्यात चढवलेलेच नाहीत. फेरमोजणीत ते चढले, श्रेणी एकाने वर गेली. हे सोपं निघालं.

या सगळ्याच्या मधोमध भूकंप झाला. 21 मार्च 2024, सकाळी 6 वाजून 8 मिनिटं, तीव्रता 4.5, आणि अकरा मिनिटांनी दुसरा, 3.6 चा. केंद्र हिंगोली जिल्ह्यातच. आमच्या जिल्ह्याला जमिनीखालचे आवाज नवे नाहीत. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात ते कित्येक वर्षं ऐकू येतात. पण या वेळी भांडी पडली, माणसं रस्त्यावर आली, आणि म्हातारी माणसं किल्लारीचं बोलू लागली, 30 सप्टेंबर 1993 चं. दुकान उघडलं तेव्हा एका भिंतीवरची घड्याळं थांबलेली आणि तिच्याशी काटकोनात असलेल्या भिंतीवरची बरीचशी चालू. जमीन कोणत्या दिशेने हलली त्यावर ते ठरलं असणार. मी उत्साहाने थांबलेल्या घड्याळांच्या वेळा लिहून घ्यायला लागलो, भूकंपाची नोंद म्हणून. चाचा हसायला लागले. दुरुस्तीला आलेली घड्याळं, कुणाचे काटे पावणेदोनवर, कुणाचे साडेअकरावर. थांबली सगळी एकदमच, पण वेळ प्रत्येकाची वेगळी. फक्त एक घड्याळ तपासणीसाठी मोबाइलशी जुळवून ठेवलं होतं. ते सहा वाजून नऊ मिनिटांवर थांबलं होतं. चाचांनी त्याच्या मागच्या पाटीवर सुईने तारीख कोरली. 10 जुलैला सव्वासातच्या सुमारास पुन्हा 4.5 चा धक्का बसला, कळमनुरी तालुक्यातच. तेव्हा ते घड्याळ मालकाच्या घरी गेलं होतं.

घड्याळ बरोबर आहे म्हणजे कशाशी बरोबर, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशाच्या रेखांशावरची. त्या हिशेबाने बाळापूरला सूर्य सरासरी वीस मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. मुंबईने तर प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागची आपली स्वतःची वेळ 1955 पर्यंत काही ठिकाणी चालू ठेवली होती. कोणती वेळ खरी हे शेवटी माणसांनी ठरवायचं असतं, आणि एकदा ठरवलं की सगळ्या भिंतींवर तेच लावायचं असतं. जर्नल म्हणतं हजर, गुणपत्रिका म्हणते गैरहजर, आणि दोन्हींवर शिक्के. हे दोन्ही कागद समोरासमोर ठेवणं हे नेमकं कुणाचं काम, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. शेवटी ते मीच केलं.

मुंबई विद्यापीठाचं उदाहरण आमच्या दुकानात बऱ्याचदा निघतं. तिथल्या राजाबाई टॉवरवर देशातल्या सर्वांत प्रसिद्ध घड्याळांपैकी एक आहे. प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले, त्यांच्या आईचं नाव मनोऱ्याला मिळालं, 1878 मध्ये तो पुरा झाला. आईला दिसत नसे आणि सूर्यास्तापूर्वी जेवायचा नेम होता, म्हणून टोले, असं सांगतात. 2013 ते 2015 या काळात मनोऱ्याची मोठी डागडुजी झाली. आणि 2017 मध्ये त्याच विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायची पद्धत एका हंगामात सगळीकडे लागू केली. निकाल रखडले, राज्यपालांनी 31 जुलैची मुदत दिली, तीही उलटली, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. निकाल शक्यतो तीस दिवसांत आणि काहीही झालं तरी पंचेचाळीस दिवसांत लावावा, असं राज्याच्या 2016 च्या विद्यापीठ कायद्यात लिहिलेलं आहे.

मला त्या प्रकरणात संगणकाचा राग येत नाही. आमच्याकडे रोज माणसं येतात, जुनं घड्याळ टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "आतलं काढून सेलची मशीन टाका." मोरबीहून येणारी स्वस्त मशीन मिळते, वेळही बापूंच्या घड्याळापेक्षा चांगली दाखवते. लोखंडी दांड्याचा लोलक दहा अंश उष्णता वाढली की दिवसाला साधारण पाच सेकंद मागे पडतो, पितळेचा त्याहून जास्त. आमच्या मे महिन्यात ते दिसतंच. सेलला एवढं काही होत नाही. चाचा मशीन टाकून देतातही, धंदा आहे. पण तेव्हा लोलक नुसता शोभेला हलतो, आणि टोले कायमचे बंद होतात, हे ते आधी सांगतात. विद्यापीठांत नवी संगणक प्रणाली बसवताना हे कुणी सांगत नाही. जुनी रजिस्टरं तशीच, वर नवं पोर्टल, आणि दोन्ही जुळतात की नाही ते विद्यार्थ्याने गुणपत्रिका आल्यावर तपासायचं. गुणांच्या नोंदी क्रेडिट बँक आणि डिजिलॉकरमध्ये जातात तेव्हाही हाच नोंदणी क्रमांक सोबत असतो. क्रमांक दोन असतील तर चूक वेगाने पसरते, एवढाच फरक पडतो.

माहितीच्या अधिकारात मिळालेल्या प्रतीसकट अर्ज केला, दोन्ही विभागांना एकाच दिवशी, एकमेकांच्या पत्राची प्रत जोडून. जुना क्रमांक कायम राहिला, नवा रद्द झाला, प्रात्यक्षिकाचे चव्वेचाळीस चढले, आरआर निघालं. तिसऱ्या वर्षाची परीक्षा दिली ती हमीपत्र लिहून, तात्पुरत्या हॉलतिकिटावर. पदवीचं प्रमाणपत्र आता घरात आहे. संगणकावरची माझी नोंद पाहिली तर इथे कधी काही दुरुस्त झालं होतं याचा मागमूस नाही. फसली 1352 च्या कारागिराने सुईने केलं तेवढंही कुणी केलेलं नाही. म्हणून वही आणि पोचपावत्या मी टाकलेल्या नाहीत.

सध्या मी दुपारनंतर दुकानातच असतो. घड्याळांपेक्षा गुणपत्रिका जास्त येतात. शेवाळा, डोंगरकडा, कळमनुरीहून मुलं-मुली येतात, कुणाचं एबी, कुणाची पात्रता प्रलंबित, कुणाच्या नावात आईचं नाव आडनावाच्या जागी. चाचांनी टेबलाचा एक कोपरा त्यासाठी सोडला आहे आणि त्याचे पैसे घ्यायचे नाहीत असं बजावलं आहे.

येणाऱ्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. कागद घेऊन येणाऱ्यांनी मूळ प्रती घरी ठेवाव्यात, झेरॉक्स आणावी, आणि आजवर दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच शोधून ठेवावी. नसेल तर नवा अर्ज करून आधी ती घ्यावी, मग यावं. आणि घड्याळ घेऊन येणाऱ्यांनी लोलक घरीच काढून वेगळा गुंडाळावा. तो आत लटकता ठेवून एसटीत घड्याळ आणलं की वरची पोलादी पत्ती हिसक्याने तुटते, आणि ती पत्ती आता बाळापुरात मिळत नाही.